कोपीतला टॅब, फुगलेली पॉवर बँक आणि ट्रॅक्टरची बॅटरी

पत्र:

नमस्कार सर. मी बारावी सायन्सला आहे, बीड जिल्ह्यातली. नीटच्या तयारीसाठी मला महाज्योती या सरकारी संस्थेचा टॅब मिळालाय. दिवाळीनंतर आई-पप्पांबरोबर ऊसतोडीला आले, कारण घरी मागं थांबायला कुणी नाही, आणि धाकटा भाऊपण सोबत आहे. कारखान्याच्या तळावर आमच्या कोपीत लाइट नाही. टॅब किराणा दुकानात चार्जिंगला देते, एका वेळेचे दहा रुपये. चुलतभावानं त्याची जुनी पॉवर बँक दिली, २०,००० एमएएचची. केबल बाजारातून घेतली, चांगली दोन मीटर लांब. पण ती लावून लेक्चर बघितलं तर चार्जिंगचं चिन्ह दिसतं आणि टक्के कमीच होत जातात. त्या बँकेची एक बाजू जरा फुगली आहे. पप्पा रात्री टॅब आणि बँक उशाशी लावून ठेवतात, आई म्हणते फुटेल. टोळीचे ट्रॅक्टरवाले काका म्हणतात, बॅटरीवरून दोन वायरी काढून देतो, हवं तेवढं चार्ज कर. बाजारात एक जण ५०,०००ची नवी पॉवर बँक सातशेला देतोय. टॅबच्या चार्जरवर ५ व्होल्ट २ अँपिअर लिहिलंय आणि टॅबची बॅटरी ५,१०० एमएएच आहे. काय करू? हा टॅब बिघडला तर दुसरा घ्यायची ऐपत नाही.

उत्तर:

तुझी आई बरोबर बोलते आहे. हे वाचशील तेव्हा पहिलं काम पुढं लिहिलंय ते कर, बाकीचं उत्तर नंतर वाचलंस तरी चालेल. ती फुगलेली पॉवर बँक कोपीच्या बाहेर ने. ती चार्जिंगला लावायची नाही, तिच्यावरून टॅब चालवायचा नाही. ‘थोडीच फुगली आहे, अजून चालते’ असं पप्पा म्हणतील, तरीही नाही.

लिथियम बॅटरीच्या आत दोन पत्रे असतात आणि मध्ये केसासारखा पातळ पडदा. सगळं एका ज्वलनशील द्रवात भिजलेलं असतं. बॅटरी जुनी झाली, फार तापली किंवा जास्त भरली गेली की त्या द्रवाचं विघटन होऊन वायू तयार होतो आणि चपटी बॅटरी फुगते. फुगणं म्हणजे आत बिघाड झाल्याची खूण. त्या अवस्थेत पडदा कुठं फाटला तर दोन्ही पत्रे एकमेकांना टेकतात, साठलेली सगळी वीज एका जागी उष्णता होऊन बाहेर पडते आणि आग लागते. हे पक्क्या घरात फरशीवर घडलं तरी वाईटच. तुमची कोपी बांबूच्या चटयांची, वर पाचट आणि ताडपत्री, अंथरूण जमिनीला आणि त्यात तुझा धाकटा भाऊ झोपलेला. वाळलेल्या पाचटाला ठिणगी लागल्यावर काय होतं हे मी तुला सांगायची गरज नाही.

तर ती बँक एखाद्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात किंवा मडक्यात कोरड्या वाळूत पुरून ठेव. डबा कोपीपासून, पाचटाच्या ढिगापासून आणि बैलांच्या वैरणीपासून लांब, सावलीत राहू दे. झाकण घट्ट लावू नकोस. तिला दाबून सपाट करायचा, टोचून हवा काढायचा प्रयत्न कुणी करू नये, हे भावाला आणि तळावरच्या इतर पोरांनाही बजावून सांग. चुलीत किंवा उकिरड्यावर तर मुळीच टाकू नये. बाजारच्या दिवशी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात किंवा त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला ती देऊन टाक. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे, त्यामुळे ‘आम्ही घेत नाही’ असं ऐकून लगेच माघारी फिरू नकोस.

आणि कधी अशा वस्तूतून धूर किंवा फुसफुस आवाज आलाच, तर ती हातात घ्यायची नाही. आधी माणसं बाहेर. तो धूर विषारी असतो, त्यात तोंड घालून बघत बसायचं नाही. मग लांबून भरपूर पाणी ओतायचं. विजेच्या आगीवर पाणी टाकू नये असं आपण शाळेत शिकतो, ते भिंतीतल्या लाइनीबद्दल खरं आहे. तारेला न जोडलेल्या छोट्या लिथियम बॅटरीला मात्र पाण्यानंच थंड करायचं असतं. पोतं टाकून ज्वाळा विझल्यासारखी वाटली तरी आतली उष्णता तशीच राहते आणि बॅटरी पुन्हा पेटते.

आता टक्के का कमी होतात ते बघू. यात मला दोषी वाटते ती तुझी दोन मीटरची केबल.

पॉवर बँकेतून ५ व्होल्ट निघतात. पण केबलमधली तांब्याची तार बारीक असेल तर वाटेतच विजेचा दाब, म्हणजे व्होल्ट, पडतो, जसं लांब बारीक पाइपातून शेवटच्या सरीला पाणी पोचता पोचता धार करंगळीएवढी होते. बाजारातल्या स्वस्त केबलमध्ये बहुधा २८ गेजची तार असते (गेज म्हणजे तारेच्या जाडीचं माप). तशा एक मीटर तारेचा रोध साधारण ०.२१ ओहम. जायची एक तार आणि यायची एक, असं दोन मीटरच्या केबलमध्ये मिळून ०.८५ ओहम झाले. त्यातून २ अँपिअर न्यायचे म्हटलं तर १.७ व्होल्ट केबलच खाणार, मग टॅबला राहिले ३.३. एवढ्यावर टॅब चार्ज होऊ शकत नाही. म्हणून टॅबमधली चार्जिंगची चिप स्वतःच मागणी कमी करते. अर्ध्या-पाऊण अँपिअरवर आली की दाब जेमतेम टिकतो. म्हणजे टॅबमध्ये शिरतात अडीच-तीन वॅट, आणि स्क्रीन पूर्ण उजेडावर ठेवून नेटवरचं लेक्चर बघताना टॅब खर्च करतो त्याहून जास्त. चिन्ह दिसतं ते खोटं नाही. येतंय थोडं, जातंय जास्त.

उपाय स्वस्त आहे. एक मीटर किंवा त्याहून आखूड केबल घे. केबलच्या अंगावर बारीक अक्षरं छापलेली असतात ती वाच. तिथं एडब्ल्यूजी, म्हणजे गेज, या अक्षरांपुढं आकडे दिसतील. एकीकडं २८ आणि दुसरीकडं २४ किंवा २२ असेल तर ती केबल चांगली: २८ ची जोडी डेटासाठी आणि जाड जोडी विजेसाठी. आकडा जितका लहान तितकी तार जाड. फक्त २८ लिहिलं असेल किंवा काहीच छापलं नसेल तर ठेवून दे. शिवाय बऱ्याच जुन्या बँकांना दोन तोंडं असतात, एकावर १ अँपिअर आणि दुसऱ्यावर २.१ किंवा २.४. तुझ्या टॅबला दुसरं लागतं. आणि टॅबच्या सॉकेटात फडातली माती आणि कारखान्याची काजळी बसते, तिनंही संपर्क सैल होतो. टॅब बंद करून कोरड्या लाकडी काडीनं हलक्या हातानं ती काढ, पिन किंवा सुई घालू नकोस.

नवी बँक कोणती घ्यावी? सातशेची ५०,०००ची घेऊ नकोस. तुला विश्वासावर सांगत नाही, तपासायची रीत सांगतो. चांगली गोल लिथियम सेल, साधारण ३,००० एमएएचची, पंचेचाळीस ते पन्नास ग्रॅम भरते. ५०,००० करायला अशा सोळा-सतरा सेल लागतील, म्हणजे नुसत्या सेलचंच वजन पाऊण किलोच्या वर. वर पेटी आणि सर्किट वेगळंच. किराणा दुकानाच्या काट्यावर ती बँक ठेवून बघ. पाव किलो भरली तर आतला माल लेबलावरच्या आकड्याच्या जवळपासही नाही. खरी १०,०००ची बँक साधारण दोनशे ते अडीचशे ग्रॅमची असते आणि २०,०००ची साडेतीनशे ते साडेचारशेची. जो माणूस क्षमतेबद्दल खोटं छापतो, त्यानं जास्त तापल्यावर वीज तोडणारं सर्किट आत घातलं असेल असं मी मानणार नाही.

खऱ्या बँकेवर भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह असतं, त्याच्याजवळ आयएस अक्षरांनी सुरू होणारा मानकाचा क्रमांक आणि आर अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ या सरकारी अॅपमध्ये टाकला की कंपनीचं नाव आणि वस्तू कोणती ते दिसतं. दुकानात उभ्या उभ्या कर, दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.

आणखी एक छापलेली गोष्ट बघ, ‘रेटेड कपॅसिटी’. आतल्या सेलचा दाब ३.७ व्होल्ट, त्यामुळं २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॅट-तास. तो दाब ५ पर्यंत चढवताना काही वीज उष्णतेत जाते, म्हणून बाहेर ५ व्होल्टला हाती येतात साधारण १२,००० एमएएच, ६० वॅट-तास. ही फसवणूक नाही, चांगल्या कंपन्या हा आकडा स्वतःच छापतात. तुझ्या टॅबची बॅटरी सुमारे २० वॅट-तासांची. टॅबच्या आतही थोडं वाया जातं. म्हणजे २०,०००ची बँक टॅब अडीच वेळा भरेल आणि १०,०००ची सव्वा वेळा. वीस हजाराला पाच हजारांनी भागून चार वेळा भरेल असा हिशेब करून बसलीस तर परीक्षेच्या आदल्या रात्री अडचण होईल.

यावरून माझं मत असं, की तू २०,०००ची एक घेण्याऐवजी १०,०००च्या दोन घ्याव्यात, एकदम जमत नसेल तर आता एक आणि पैसे हाती आल्यावर दुसरी. कारण बँक भरायलाही वेळ लागतो. ५ व्होल्ट २ अँपिअरच्या चार्जरवर २०,०००ची बँक भरायला नऊ तास सहज जातात. तेवढा वेळ दुकान उघडं असेल की नाही, लाइट असेल की नाही, सांगता येत नाही. १०,०००ची साडेचार-पाच तासांत भरते. एक दुकानात आणि एक तुझ्यापाशी, असं आलटून पालटून चालेल. आणि यात मला सगळ्यात मोठा फायदा दिसतो तो वेगळाच: टॅब दुकानात ठेवावा लागत नाही. तो तुझ्या नजरेसमोर राहतो, कुणाच्या हातून पडत नाही, हरवत नाही आणि दिवसाचे ते चार-पाच तास तुझा अभ्यास थांबत नाही.

बँकेवर २२.५ वॅट किंवा ‘फास्ट चार्जिंग’ लिहिलं असेल तर घाबरू नकोस. चांगली बँक सुरुवातीला ५ व्होल्टच देते. टॅबनं केबलमधून मागणी केली तरच दाब वाढवते, आणि किती अँपिअर घ्यायचे ते टॅब ठरवतो. अँपिअरचा आकडा मोठा असणं धोक्याचं नाही. व्होल्ट चुकणं धोक्याचं आहे.

म्हणूनच काकांच्या दोन वायरी नकोत. काका मनानं चांगलंच करायला बघतात, पण ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टची, इंजिन चालू असताना ती १४ च्या वर जाते. तुझ्या टॅबला हवेत ५. केबल कापून लाल-काळी वायर सरळ जोडली तर पहिल्याच क्षणी चार्जिंगची चिप जळू शकते, आणि नशिबानं वाचली तर स्टार्टर मारताना येणाऱ्या झटक्यात जाईल. त्याहून मोठा धोका वायरींचा. चांगल्या पॉवर बँकेत जादा वीज तोडायची सोय असते, ट्रॅक्टरच्या बॅटरीत नसते. तिची दोन टोकं चुकून टेकली तर शेकडो अँपिअर वाहतात आणि मोबाइलच्या केबलसारखी बारीक तार बघता बघता लाल होऊन पेटते. बाजूला डिझेल, मागं उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या.

पण काकांची कल्पना टाकून देऊ नकोस, कारण तळावर तुम्हाला रोज हक्काची वीज देणारी तीच एक गोष्ट आहे. ती नीट करून घ्यायची. ऑटो इलेक्ट्रिशियनकडं वाहनात बसवायचा यूएसबी चार्जर मिळतो. त्यावर इनपुट १२ ते २४ व्होल्ट आणि आउटपुट ५ व्होल्ट लिहिलेलं असतं. तो घ्यायचा, आणि बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून वीतभर अंतरावर ३ किंवा ५ अँपिअरचा फ्यूज घालून बसवायचा. फ्यूज चार्जरपाशी बसवून उपयोग नाही, बॅटरीपाशीच हवा, कारण तार मध्ये कुठं घासून उघडी पडली तर तिच्यासकट सगळं वाचलं पाहिजे. तार बॉनेटच्या कडेवर घासणार नाही अशी नळीतून नेऊन बांधायला सांग. चार्जर बटणावर घेतला तर आणखी चांगलं: इंजिन सुरू झाल्यावर बटण दाबायचं, स्टार्टर मारताना बंद.

त्यावर बँक लावायची. टॅब लावू नकोस. फडापासून कारखान्यापर्यंत ट्रॅक्टर हादरत जातो, धूळ असते, टॅबचं सॉकेट त्यात ढिलं होतं. बँक एका फडक्याच्या थैलीत सीटजवळ सावलीत टांगली की झालं, मात्र इंजिनाच्या उष्णतेपासून लांब. कारखान्यावर नंबर लागेपर्यंत ट्रॅक्टर तासन् तास उभा राहतो, तेव्हा इंजिन बंद असलं तरी हरकत नाही. १० वॅटचा चार्जर १२ व्होल्टच्या बॅटरीतून एक अँपिअरच्या आसपास ओढतो. ट्रॅक्टरच्या चांगल्या बॅटरीला चार-पाच तास ते जाणवणारही नाही. बॅटरी आधीच थकलेली असेल आणि सकाळी ढकलस्टार्ट करावा लागत असेल, तर मात्र इंजिन चालू असतानाच लावा. काकांची खेप तुझ्या टॅबपायी अडकायला नको.

कुणी सोलर पॅनेल सुचवलं तर एवढं लक्षात ठेव की ‘१२ व्होल्टचं’ म्हणून विकलं जाणारं पॅनेल उन्हात काही न जोडता मोजलं तर वीसच्या वर व्होल्ट दाखवतं. तेही टॅबला सरळ जोडता येत नाही. यूएसबी तोंड असलेलं घडीचं पॅनेल चालेल, त्यानं बँक भरायची आणि बँक पॅनेलच्या मागं सावलीत ठेवायची.

रात्रीचं राहिलं. पप्पांना हा हिशेब दाखव. भरलेला टॅब म्हणजे २० वॅट-तास. डाउनलोड केलेलं लेक्चर मध्यम उजेडावर बघताना साधारण ३ ते ४ वॅट लागतात. म्हणजे संध्याकाळी टॅब भरलेला असेल तर पाच तास अभ्यास तार न लावता होतो, त्याहून जास्त जागू नकोस, पहाटे आई-पप्पा फडात निघतात तेव्हा तुलाही उठावं लागतच असेल. थोडक्यात, रात्री उशाशी काही चार्जिंगला लावायची गरजच नाही. दिवसा बँक भरा, दुपारी किंवा तिन्हीसांजेला तिच्यावरून टॅब भर, कोपीच्या दाराबाहेर, उघड्या मातीवर किंवा दगडावर, कुणीतरी जागं आणि जवळ असताना. झोपायच्या आधी केबल काढून ठेव. गोधडीखाली, उशीखाली, पाचटाच्या भिंतीला टेकून काही चार्ज होता कामा नये. चूल पेटलेली असताना तिच्या बाजूलाही नको.

लेक्चरं जिथं रेंज चांगली असेल तिथं आधीच उतरवून ठेवलीस तर रात्री नेट बंद करता येतं आणि बॅटरी बरीच वाचते. रेंज कमी असते तिथं टॅब टॉवर शोधण्यातच वीज घालवतो.

फेब्रुवारी लागला की ताडपत्रीखाली दुपारी भट्टी होते. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, आणि चार्ज होताना ती स्वतःही तापते. टॅबची पाठ हाताला चटका देण्याइतकी गरम लागली तर केबल काढ, स्क्रीन बंद कर आणि सावलीत ठेव. ओलं फडकं गुंडाळू नकोस, सॉकेटात पाणी जाईल. कव्हर चार्जिंगच्या वेळी काढून ठेवलंस तर फरक पडतो. चार्ज करता करता लेक्चर बघणं चुकीचं नाही, थंड वेळेला खुशाल बघ. दुपारी एक काम कर, एक तर चार्ज किंवा बघणं.

खर्चाचा क्रम मी असा लावीन. आधी आखूड जाड केबल, ती या बाजारात घे. मग १०,०००ची नोंदणी क्रमांक असलेली बँक. मग ट्रॅक्टरचा चार्जर, आणि तो काकांना वर्गणी काढून बसवायला सांग, कारण टोळीतल्या प्रत्येक कोपीत मोबाइल आहे आणि दुकानदाराला रोज दहा दहा रुपये सगळेच देत असणार. बसवताना इलेक्ट्रिशियनला हे वाचून दाखव: १२ ते २४ व्होल्ट आत, ५ व्होल्ट बाहेर, फ्यूज बॅटरीपाशी, बटण वेगळं. काम झाल्यावर पहिल्यांदा टॅब लावू नका, बँक लावून अर्धा तास बघा. चार्जर आणि तार हाताला कोमट लागली तर ठीक, गरम लागली तर त्याच दिवशी परत त्याच्याकडं न्या.